हातावरची हळद

आयेचा आवाज जिथं थांबायला पाहिजे होता तिथं थांबला नाही. एवढंच झालं. बाकी कर्जतच्या बाजारात त्या दुपारी काही झालं नव्हतं. मी कचेरीसमोरच्या पत्र्याखाली माझ्या मशीनवर कुणाचा तरी वारसनोंदीचा अर्ज टाइप करत होतो, अर्जवाला म्हातारा पानाची पिंक कुठं टाकावी ते शोधत होता, आणि रस्त्यापलीकडे नागूने त्याच्या कॅसेटच्या दुकानात एक कॅसेट लावली. आधी खरखर आली, मग माझी आय गायला लागली. आय घरी होती. सकाळी मी निघालो तेव्हा ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. पण आवाज तिचाच, घशात जरा अडकून मग मोकळा होणारा. म्हातारा म्हणाला, "धवला हाय रं. कोनाचं लगीन?" मी बोटं मशीनवर तशीच ठेवून ऐकत राहिलो, कारण हळदीचं गाणं होतं आणि ते कुठं येऊन थांबतं ते मला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. 'हळदीच्या वाफ्याला गो पानी कोनी शिंपलं', असं म्हणून आय गप्प होते. गप्पच होते. तर तिथं बारीक टक्‌ असा आवाज आला आणि आय पुढे गात सुटली, हळद लागली, कपाळाला लागली, दंडाला लागली, पावलांना लागली, कुठंच न थांबता. माझं बोट दाबलं गेलं. अर्जात मयताच्या नावावर एक भलतंच अक्षर उमटलं. मी तो कागद ओढून काढला आणि चुरगाळला, आणि म्हातारा म्हणाला, "अरं माजा बाप हाय तो, सांबाळून."

आमच्यात आता लग्नाला भटजी येतो, बँड येतो. पण हळद धवलारणीशिवाय लागत नाही. धवलारीण म्हणजे म्हातारी बाई, ती धवले गाते, तिच्या गाण्यावर मांडवाचा खांब रोवतात, तिच्या गाण्यावर देव आणतात, हळद लावतात. तिने तोंड मिटलं की सगळं अडतं. माझी आय येसूबाई, कर्जत-खालापूरच्या पट्ट्यातली धवलारीण. सासूकडून तिने धवले घेतले, सासूने तिच्या सासूकडून. आयेला मुलगी नाही. मी एकटा. मला सगळे धवले येतात, मांडवाच्या कोपऱ्यात तिच्या पदराशी बसून बसून आलेत, पण पुरुषमाणसाने धवले गायचे नसतात. म्हणजे ते माझ्यात आहेत आणि बाहेर यायला त्यांना वाट नाही. एकदा मशीनवर टाइप करून बघितले. कागदावर ते अर्जासारखे दिसायला लागले.

तर आयेची एक रीत होती, आणि ती तिचीच होती, सासूची नव्हती. ती धवल्याची बिदागी घेत नसे. लुगडं नाही, नारळ नाही. हळदीचं गाणं अर्ध्यावर आणायची. बायकांनी ओली हळद हातावर घेतलेली, नवरीभोवती सगळ्या वाकलेल्या, आता हात कपाळाला लागणार, आणि आय गप्प. मग म्हणायची, "ह्या घरातली कोन पोर शाळंत घालताव ते बोला." मांडवात गोंधळ. बाप्ये बाहेर जाऊन बिड्या पेटवायचे. एकदा तुंगीच्या वाटेवरच्या एका लग्नात नवरीचा आजा अडून बसला होता ते मला आठवतं. तो म्हणाला, "येसू, हळद सुकली गो हातावर." आय म्हणाली, "सुकू दे, हंड्यात पानी हाय." तो म्हणाला, "पोर दिला तर म्हशी कोन राखील?" आय म्हणाली, "तू राख. तुला दुसरं काय येतंय?" मांडव सगळा हसला. म्हातारा पण हसला, आणि हसला म्हणजे हरला. पोर दिला. शाळा लांब असेल तर पोर आमच्या घरी राहायची. आमचं घर नदीच्या अलीकडे, कर्जतची शाळा चालत जाण्यासारखी. म्हणून आमच्या घरात कायम दुसऱ्यांची पोरं. त्यांच्या चड्ड्या वळणीवर, त्यांची दप्तरं खुंटीला, त्यांचे पाढे सकाळी उठल्यापासून माझ्या कानात. लोक आयेला देवी म्हणायचे. म्हणू देत. देवीच्या पोटी जन्मून बघा.

बाप मेला तेव्हा मी सातवीत होतो. माघ सरत आलेला. राब भाजायचे दिवस जवळ. राब म्हणजे काय ते कर्जतच्या कचेरीतल्या साहेबांनापण सांगावं लागतं, म्हणून सांगतो: भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा, शेण, माती असे थर द्यायचे आणि जाळायचे. राब भाजला नाही तर रोप नाही, रोप नाही तर भात नाही. घरात तेव्हा चार पोरं दुसऱ्यांची होती, खाणारी. आयेने मला सकाळी उठवलं आणि पालापाचोळा आणायला रानात पाठवलं. परीक्षा तोंडावर होती. मी म्हणालो, "आये, परीक्षा." ती म्हणाली, "व्हय." एवढंच. मग भात लावायला मी, झोडायला मी. आणि शाळा सुटली ती सुटलीच. मोठा झाल्यावर एकदा मी विचारलं. तिने अगदी सरळ सांगितलं, तिला कशाची लाज वाटत नाही, हेच तिचं वाईट आहे. म्हणाली, "मी लोकांच्या दारात पोरं मागते. माजाच पोर त्येच्यात घातला तर लोक म्हनतील येसूनं सोतासाठी दुकान मांडलंय. मंग कोन देईल पोर?" म्हणजे तिच्या शब्दाला किंमत यावी म्हणून मी नांगराला. हे तिने विचार करून ठरवलं होतं. रागात नाही, अडचणीत नाही. विचार करून.

आणि वाल्मिक. वाल्मिक शेलूचा. त्याच्या आत्याच्या हळदीत आयेने त्याला मागून घेतला तेव्हा तो आठ वर्षांचा होता आणि मी रांगण्यातून उठलेलो. मला आठवतं तेव्हापासून तो आमच्या घरात आहेच. माझ्या आयेला आये म्हणणारा. मी माझी आय म्हणायचो तर तो माझ्या डोक्यात टपली मारून म्हणायचा, "आपली म्हन रं सख्या, आपली." मी रानातून पाला डोक्यावर घेऊन यायचो तर हा ओट्यावर पुस्तक उघडून बसलेला. भाकरी आधी त्याला, त्याला कॉलेजला जायचं असायचं. मी राबाच्या धुराने डोळे चोळत उभा. तो वाईट नव्हता, हे पण सांगतो. जुनी पुस्तकं मला द्यायचा. त्याच पुस्तकांवर मी शिकलो, वकिलाच्या ऑफिसात झाडू मारता मारता मशीनवर बोटं ठेवायला शिकलो, कुणी शिकवलं नाही. म्हणजे त्याच्या उष्ट्यावर शिकलो. वाईट असता तर बरं झालं असतं. आता तो खोपोलीला कंपनीत सुपरवायझर. मोटरसायकल. आणि जोडीला मांडव, खुर्च्या, लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा धंदा. गेल्या वर्षी तो घरी आला टेप घेऊन. माइकला रुमाल गुंडाळला. म्हणाला, "आये, तुज्यामागं हे कोन गानार? आपलं जुनं हाय, जपून ठेवू." आय नटली. दुसरं लुगडं नेसून आली, टेपसाठी! भिंतीकडे बघत गायली. हळदीच्या गाण्यात तिथं आली आणि थांबली. वाल्मिकने खूण केली, पुढे, पुढे. आय म्हणाली, "बोल, कोन पोर देतोस?" वाल्मिक हसला, "आये, हितं कोन हाय? मशीन हाय ही." आय म्हणाली, "आसंल. मी थांबते तिथं थांबते." त्याने ते टेपमध्ये घेतलं होतं. मी बघितलं होतं, चक्र फिरत होतं. नंतर काढून टाकलं. टक्‌.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी आयेला सांगितलं. आय तांदूळच निवडत होती, सकाळचेच की दुसरे कोण जाणे. म्हणालो, "आये, वाल्मिकनं तुजं थांबनं काढून टाकलंय."

"कशातनं?"

"कॅसेटमधनं. नागू सांगतो, वर्षभर लोक लग्नात तीच लावतात. मांडव त्याचा, लाउडस्पीकर त्याचा, तू त्याच्यात फुकट."

तिने हातातला खडा बाजूला टाकला. "मंग पोरं कशी मागतात?"

"मागत नायत."

तिने सुपात हात फिरवला. मग म्हणाली, "म्हनून औंदा कोन आलं नाय. मला वाटलं लोकांनी आपल्या आपनच घातली पोरं शाळंत." आणि हसली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. मला वाटलं होतं ती चिडेल, वाल्मिकला शिव्या घालेल. मला ते हवं होतं. पंधरा वर्षं मी त्याची वाट बघत होतो की एकदा ती त्या माणसाला शिव्या घालेल आणि मी ऐकेन. ती सूप झटकत उठली. आणि खरं सांगायचं तर त्या वर्षी घर आमचं होतं. वळणीवर माझेच कपडे. रात्री आय माझ्याशी बोलायची, माझ्याशीच, कारण दुसरं कुणी नव्हतं. वाल्मिकने थांबणं काढून टाकलं म्हणून मला माझी आय मिळाली होती. त्याचे पाय धरायला पाहिजे होते मी. पण तसं होत नाही. माझ्या आत जे होतं ते धन्यवादाचं नव्हतं. मी पत्र्याखाली बसून त्याचं नाव टाइप करायचो आणि त्याच्यावरून आडव्या रेघा मारत जायचो, फीत फाटेपर्यंत. गिऱ्हाईक आलं की कागद काढून खिशात. खिसे भरले होते त्या कागदांनी. रात्री पडल्यावर मी त्याच्या मोटरसायकलचं काय करता येईल ते मनात करून बघायचो. त्याच्या कंपनीला निनावी अर्ज टाकायचा, अर्ज टाइप करण्यात आपण पटाईत. पण हे सगळं लहान वाटायचं. त्याचं असं काहीतरी काढून घ्यायला पाहिजे होतं जे चारचौघांत काढून घेता येईल.

मग तो स्वतःच आला आमंत्रण घेऊन. धाकट्या बहिणीचं, आवडीचं लग्न. आयेच्या पाया पडला. म्हणाला, "आये, तू फुडल्या खुर्चीवर बसायचं. गायचा तरास नाय, टेप हाय." आय म्हणाली, "बरं हाय की. माजा आवाज मी पन ऐकीन." तिच्या आवाजात काही होतं का ते मला कळलं नाही. तिच्या आवाजात काय असतं ते मला कधी कळलेलं नाही, आणि सगळा तालुका म्हणतो तिचा आवाज काळजाला भिडतो. वाल्मिक जाताना मला म्हणाला, "सख्या, तू ये बरं का लवकर. टेबलाजवळ बस. टेप बघायला माजा मानूस नाय, तू मशीनवाला हायस." मी म्हणालो, येतो. त्याने टपली मारली डोक्यात. मी सत्तावीस वर्षांचा होतो.

आवडीला मी ओळखत होतो. कर्जतला बारावीला होती. कॉलेजातून स्टेशनकडे जाताना कधी माझ्या पत्र्याखाली उन्हाची टेकायची आणि माझी बोटं बघायची. म्हणायची, "सखादादा, न बघता कसं रं जमतं? मला शिकव ना." मी म्हणायचो तुझ्या भावाला विचार. ती म्हणायची, "भावाला काय इचारायचंय? बोटं माजी हायत." एकदा तिने तिचं नाव टाइप केलं, एका बोटाने, आणि तो कागद घडी करून नेला. तिला रेल्वेत तिकिटं द्यायच्या खिडकीत बसायचं होतं. आतून हात काढून तिकीट द्यायचं, सुट्ट्या पैशांसाठी लोकांवर ओरडायचं, ही तिची स्वप्नं. मला त्या दिवसांत ती दिसली की फक्त एवढंच दिसायचं की ही वाल्मिकची बहीण आहे. सूड डोक्यात असला की माणसं माणसं राहत नाहीत. ती फक्त कुणाची तरी असतात.

शेलूला आम्ही दुपारनंतर पोचलो. मांडव मोठा, निळ्या-पांढऱ्या कापडाचा, कडेला झालरी. आयेने जाताना दुसरं लुगडं नेसलं नाही, रोजचंच नेसली. बायका तिला बघून उठल्या, तिला पुढे बसवली, चहा दिला, आणि मग तिच्याशी काय बोलावं ते कुणाला सुचेना. धवलारीण पाहुणी म्हणून बसलेली कुणी बघितली नव्हती. एक म्हातारी म्हणाली, "तोंडाला आराम बरा हाय, येसू." आय म्हणाली, "व्हय गो. मेल्यावर मिळतो तसा." म्हातारीने चहाचा कप उचलून नेला. मी टेबलाजवळ. टेबलावर टेप, अँप्लिफायर, वायरी, जमिनीवरून गेलेली एक काळी वायर आणि माझ्या गुडघ्याशी लाकडी फळीवरचा पॉइंट. त्यात पिन. मी ती पिन बघत बसलो. मला सुख होत होतं. आंब्याची फोड खायच्या आधी तोंडाला पाणी सुटतं तसं. मी ठरवलं होतं: त्या जागेवर. बरोबर त्या जागेवर पिन काढायची. बायकांच्या हातावर हळद, आवडी पाटावर, नवऱ्याकडची माणसं बघत असणार, आणि आवाज बंद. आणि मग आय गाणार नाही. तिला मी घरीच सांगून ठेवलं होतं, "आये, काय झालं तरी गाऊ नको. त्याला पाया पडू दे." ती म्हणाली होती, "बघू." मला वाल्मिक तिच्या पायावर हवा होता. सगळ्यांसमोर, पँट मातीत.

नवऱ्याकडून उष्टी हळद घेऊन त्याची आत्या चंद्राबाई आली. मोठी बाई, हातात हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत. आवडीला पाटावर बसवलं. तिचं तोंड बंद होतं, कुणी मारून मुटकून बंद केल्यासारखं. तिने एकदा वर बघितलं तर माझ्याकडे बघितलं, आणि एक बोट हवेत हलवलं, मशीनवर मारतात तसं. ते चिडवणं होतं का रडणं होतं ते मी बघितलं नाही. मी बटण दाबलं. खरखर. आय गायला लागली, दोन्हीकडच्या कर्ण्यांतून, आणि खुर्चीवर आय तोंड मिटून बसलेली. असं मी कधी बघितलं नव्हतं. एका माणसाचं तोंड मिटलेलं आणि त्याचा आवाज झाडावरून, पत्र्यावरून, सगळीकडून येतोय. बायकांनी हळद हातावर घेतली. वाकल्या. हळदीच्या वाफ्याला गो पानी कोनी शिंपलं. मी पिन ओढली.

शांतता म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. भांड्यांचा आवाज, मागे आचाऱ्याचं खोकणं. बायका तशाच वाकलेल्या. वाल्मिक आत आला, "लाइट गेली काय?" कुणीतरी म्हणालं, "बल्ब तर चालू हाय रं." मग त्याने माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात पिन होती. मी लपवली नाही. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि जन्मात पहिल्यांदा त्याने टपलीसाठी हात उचलला नाही. मी मनात म्हणत होतो, आता गाऊ नको, आये, आता गाऊ नको, बघ त्याचं तोंड. आणि खुर्ची करकरली. आय उठली. चालत आवडीजवळ गेली, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि गायली. टेप जिथं थांबली तिथूनच, तीच ओळ परत. आणि ओळ संपल्यावर थांबली. तिचं थांबणं आणि माझं थांबवणं एकाच जागेवर आलं, पण ते एक नव्हतं, हे मांडवात सगळ्यांना कळलं. बाप्ये बाहेरून आत आले.

"वाल्मिक," आय म्हणाली, "बोल. कोन पोर देतोस?"

वाल्मिक हसायला बघत होता. "आये, आमच्या घरात आता शाळंबाहेर कोन नाय गो. तुज्याच किरपेनं."

"ही?"

"कोन?"

"ही. हिची बारावीची परीक्षा म्हयन्यावर हाय. तू पाटावर बसवलीस. कोनाला इचारून काढलीस शाळंतनं?"

चंद्राबाई सरळ उभी राहिली, हळदीचे हात पुढे धरून. "बाय, आमाला सून पायजे. मास्तरीन नको."

"मास्तरीन नाय होनार ती," आय म्हणाली. "तिला तिकिटं द्यायची हायत." म्हणजे तिला माहीत होतं. आवडीचं तिला माहीत होतं. माझ्या पत्र्याखालच्या गोष्टी तिला माहीत होत्या आणि माझी परीक्षा तिला कधी दिसली नव्हती! मी पिन मुठीत दाबली.

आणि तेव्हा वाल्मिक बोलला. मोठ्याने नाही बोलला. दुखलेल्या माणसासारखा बोलला. "आये, तू मला शिकवलंस, मी जलमभर इसरनार नाय. पन मांडवात आज मला इचारतीस, तर मी पन इचारतो. सख्याची परीक्षा तोंडावर हुती तवा तू त्याला रानात धाडलास. मी ओट्यावर हुतो, मी बघितलं. सोताचा पोर नांगराला जुंपून तू दुनियेला शाळा इचारतीस?"

माझे शब्द होते ते. मी इतकी वर्षं उशीखाली ठेवलेले, एक एक अक्षर, आणि त्याने काढून मांडवात टाकले. ते पण त्याने माझ्याआधी घेतले. आयेने माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदा असं बघितलं की ती काही मागत होती, आणि ती मागायची ते दुसऱ्यांसाठी, पण हे स्वतःसाठी होतं. मी एक शब्द बोललो असतो तर झालं असतं. 'मला काय त्याचं' म्हणालो असतो तरी चाललं असतं. आणि मला तेव्हा अगदी स्वच्छ कळलं की मी इथं वाल्मिकसाठी आलोच नव्हतो. वाल्मिकची पँट, वाल्मिकचं नाव, रेघा, निनावी अर्ज, हे सगळं मी कुणाचं तरी नाव घेता येत नव्हतं म्हणून करत होतो. ते नाव आता माझ्यासमोर उभं होतं, रोजच्या लुगड्यात, तोंड जरा उघडं ठेवून. मी वाकलो आणि पिन परत पॉइंटमध्ये घातली.

तिचा आवाज तिच्या अंगावर आला. टक्‌. हळद लागली गो, कपाळाला लागली. कर्ण्यांतून, झाडांवरून. ती काहीतरी म्हणत होती, तिचे ओठ हलताना मला दिसले, पण तिच्याच आवाजात ते बुडालं. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू. राबाला काडी लावल्यावर पहिला जाळ वर उठतो आणि तोंडाला लागतो, तसं गरम आणि बरं वाटलं. बायकांनी एकमेकींकडे बघितलं. गाणं चालू होतं, गाण्यात हळद लागत होती. चंद्राबाई वाकली आणि तिचा पिवळा हात आवडीच्या कपाळाकडे गेला.

आवडीने हात आडवा घातला. चंद्राबाईचं मनगट धरलं, बांगड्यांसकट. "थांबा, आत्या. आयेनं इचारलंय त्याचं आदी सांगा."

"अगं सोड! गानं चाललंय!"

"चालू दे."

आणि ते चालू राहिलं. दंडाला लागली, पावलांना लागली, करवल्या हसल्या, दिवा ओवाळला, सगळं गाण्यात होत होतं आणि मांडवात कुणाचा हात हलत नव्हता. मी बटण दाबून बंद करू शकत होतो. वाल्मिक पण येऊन करू शकला असता. कुणी केलं नाही. सगळे त्या पोरीच्या मुठीकडे बघत होते. मूठ सुटत नव्हती. कॅसेटची बाजू संपेपर्यंत. मग खाडकन बटण वर आलं आणि कर्ण्यांतून नुसती घरघर. चंद्राबाईने आपल्या हाताकडे बघितलं. हळद वाळून तिला भेगा पडल्या होत्या. ती म्हणाली, "बसवते गो बाय परीक्षेला. बसवते. फुडचंबी शिकवू. हात खाजायला लागला माजा, सोड." कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. वाल्मिक हसला नाही, त्याने मान खाली घातली आणि नुसती हलवली, हो म्हणून. आयेने तांब्यातलं पाणी घेतलं, बायकांच्या हातावर थोडं थोडं शिंपडलं, हळद परत ओली केली, आणि गायला लागली. माझ्याकडे तिने परत बघितलं नाही. आवाज फाटत होता. बारीक होता. लाउडस्पीकरनंतर तो इतका बारीक वाटत होता की बायका ऐकायला जवळ सरकल्या.

मी टेबलाजवळ उभा होतो. मला राग आला. वाल्मिकचा नाही. आयेचा पण नाही, तो तर माझा जुना होता, मला त्याची सवय होती. मला त्या पोरीचा राग आला. कपाळभर हळद घेऊन बसली होती, नाकातून पाणी गळत होतं, आणि हसत होती. त्या सकाळी आयेने मला रानात धाडलं तेव्हा मी दारात उभा होतो, आणि मी फक्त म्हणालो, परीक्षा. ती म्हणाली, व्हय. आणि मी गेलो. कुणी मला ढकललं नव्हतं. मी विळा उचलला आणि गेलो. हात आडवा घालून उभं राहता येत होतं. असं करता येतं, हे मला माहीतच नव्हतं. त्या पोरीला कोणी सांगितलं?